अंधाराची वही

वसंतराव गेले तेव्हा मी गच्चीवर होतो. संध्याकाळचे पावणेसहा झाले असतील. तिथे ओळीने ठेवलेल्या सहा अर्ध्या ड्रमांपैकी दोहोंवर काळं कापड ओढून झालं होतं आणि तिसऱ्याचं टोक बांबूला अडकवत होतो, तेवढ्यात खालून सुमनची हाक आली, "भाऊजी…" एवढीच. मला विचारावं लागलं नाही. हातातलं कापड तसंच सोडून मी जिना उतरलो. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत त्यांचा हात सुमनच्या हातात होता, चष्मा उशीशेजारी घडी करून ठेवलेला होता, आणि खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा पांढरा उजेड नुकताच आत आला होता. तो दिवा मी आणलेला. त्याबद्दल पुढे लिहायचंच आहे, कारण ते लिहिल्याशिवाय मला वसंतरावांबद्दल काहीच लिहिता येणार नाही. आज या गोष्टीला सात आठवडे झाले.

वसंतराव माझे साडू. सासऱ्यांनी राजाजीनगरात बांधलेलं दुमजली घर त्यांनी दोन मुलींना ठेवलं. खाली थोरली शोभा आणि मी, वर धाकटी सुमन आणि वसंतराव. एका घरात दोन-दोन घरजावई, म्हणून गल्लीत आमची बरीच थट्टा व्हायची आणि आम्हीही ती करून घ्यायचो. मी कऱ्हाडकडचा, नोकरीसाठी बेंगळुरूला आलो आणि एका सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. ते निपाणीजवळच्या एका खेड्यातले. शेतकी पदविका घेऊन देवनहळ्ळीच्या बाजूला असलेल्या एका संशोधन केंद्रात तांत्रिक सहायक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पाहुण्यांशी त्यांची ओळख करून देताना मी म्हणायचो, 'हे आमचे साडू, शेतावर असतात.' जणू राखण करायला जात होते. आज ते आठवलं की मान खाली जाते. त्यांना मात्र त्याचं काही वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. मी चार वर्षांनी मोठा म्हणून ते मला 'अण्णा' म्हणायचे, आणि पाहुण्यांसमोर मी फारच साहेबी थाटात बोलायला लागलो की हळूच म्हणायचे, "अण्णा, स्वल्प पाणी प्या की."

त्यांचं काम नेमकं काय, हे मला कळायला त्यांना निवृत्त व्हावं लागलं. शास्त्रज्ञ ठरवायचे काय पेरायचं, मजूर पेरायचे, आणि या दोहोंच्या मधलं सगळं वसंतराव. शेताचे सारखे तुकडे आखायचे, प्रत्येक तुकड्याला नंबर, प्रत्येक झाडाला चिठ्ठी. कुठल्या दिवशी उगवलं, कुठल्या दिवशी पहिलं फूल आलं, शेंगा किती धरल्या, दाणे किती भरले, हे रोज उभं राहून बघायचं आणि वहीत लिहायचं. लिहायचं तेही पेन्सिलने. शाई पावसात वाहून जाते, उन्हात उडते, पेन्सिल दोन्हींत टिकते, असं ते सांगायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं. घरातही तीच सवय. सुमनच्या लोणच्याच्या बरणीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असायची आणि तिच्यावर फोडी केल्याची तारीख, मीठ लावल्याची तारीख, बरणी उघडल्याची तारीख. शोभा म्हणायची, एक दिवस हा माणूस माझ्या कानातही चिठ्ठी अडकवील.

एक गोष्ट त्यांनी मला स्वतःच सांगितली होती, गच्चीवर चहा पिताना. नोकरीची पहिली काही वर्षं. तुरीच्या एका प्रयोगात पहिलं फूल कधी येतं ते रोज बघायचं होतं. दोन दिवस पाऊस कोसळत होता, शेतात गुडघाभर चिखल. हे गेले नाहीत. आदल्या दिवसापर्यंत कळ्या बघितल्या होत्या, तेव्हा दोन तुकड्यांपुढे अंदाजाने तारखा टाकून मोकळे झाले. तारखा कदाचित बरोबरही असतील. पण चार दिवसांनी त्यांना चैन पडेना, म्हणून वरच्या मॅडमकडे जाऊन सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी तो अख्खा हंगाम रद्द केला. पंधरा माणसांचं सहा महिन्यांचं काम गेलं आणि त्या वर्षीची वसंतरावांची बढतीही गेली. "तेव्हापासून ठरवलं बघा अण्णा," ते म्हणाले, "न बघितलेलं लिहायचं न्हाई. रकाना रिकामा सोडायचा आणि शेऱ्यात कारण घालायचं. पाऊस होता, बंद होता, मी आजारी होतो, काय असेल ते. रिकाम्या रकान्यानं प्रयोग मरत न्हाई. खोट्यानं मरतोय." मी म्हटलं, वसंतराव, आमच्या कारखान्यात असता तर तुम्हाला पहिल्या महिन्यात घरी पाठवलं असतं. ते मोठ्याने हसले. मीही हसलो. तेव्हा ती हसण्यासारखीच गोष्ट वाटली होती.

आता अवरेकाईबद्दल. आपल्याकडच्या पावट्याची ही इथली बहीण. बेंगळुरूत थंडी पडली की रस्त्यारस्त्यावर तिचे ढीग लागतात आणि अख्खं शहर महिनाभर सांबारापासून उप्पिटापर्यंत सगळ्यात अवरेकाई घालून खातं. जुन्या जातीच्या शेंगेच्या सालीवर दव पडल्यावर एक तेलकट वास धरतो. शेंगा सोलल्या की तो बोटांना लागतो आणि दोनदा हात धुतले तरी जात नाही. इथले लोक त्याला सोगडु म्हणतात आणि तो वास नसेल तर शेंग परत टोपलीत टाकतात. नव्या जाती वर्षभर येतात, भरपूर येतात, पण त्यांना हा वास बेताचाच. देवनहळ्ळीच्या पलीकडे एका गावात मुनियम्मा नावाची एक म्हातारी होती. तिच्या घरच्या बियाण्याचा सोगडु वसंतरावांना इतरांपेक्षा वेगळा वाटला, म्हणून त्यांनी तिच्याकडून ओंजळभर दाणे मागून आणले आणि केंद्राच्या शेतात लावले. चार-पाच वर्षं त्यांच्या नोंदी ठेवल्या. मग वर्षभर येणाऱ्या जातींचं काम निघालं, वर्षात एकदाच येणाऱ्या जाती यादीतून कमी झाल्या, आणि टेक्निशियनला विचारून याद्या होत नसतात. उरलेलं पाकीट त्यांनी परवानगी घेऊन घरी आणलं. मुनियम्मा वारली, तिची जमीन प्लॉटांच्या ले-आउटमध्ये गेली. बी काही कायम टिकत नाही, दर दोन-तीन वर्षांनी पेरून नवं करावं लागतं. निवृत्तीनंतर ते गच्चीवर ड्रमात पेरायला लागले आणि दर वर्षी मूठभर बी पुढे सरकवत राहिले.

या सगळ्यात मी काय केलं, तर गल्लीत दिवा आणला. आमच्या कोपऱ्यावर अंधार असायचा. एका बाईच्या गळ्यातली साखळी ओढून नेली, एक आजोबा खड्ड्यात पडले. मी निवृत्त, अर्ज लिहिण्याची हौस दांडगी. दोन वर्षं विजेच्या कचेरीत खेटे घातले, पाठपुराव्याची फाइल चांगली जाडजूड झाली, आणि शेवटी आमच्या घराला लागूनच उंच खांब उभा राहिला, त्यावर पांढराशुभ्र दिवा. गल्लीने माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि मी दहा मिनिटं भाषण केलं. वसंतराव पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. तो दिवा आमच्या गच्चीवर इतका लख्ख पडतो की पेपर वाचावा. दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्या दिव्याने तेवढाही शिल्लक ठेवला नाही.

त्या वर्षी त्यांची अवरेकाई माजली. वेल बांबूवरून पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, पानं हाताच्या पंजाएवढी, आणि फूल एक नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, नुसता पाला. मी येता-जाता डिवचायचो. "वसंतराव, सगळं आयुष्य शेतीत काढलंत आणि घरच्या ड्रमात एक शेंग नाही?" ते म्हणायचे, "बघू की अण्णा, बघू." जानेवारीत सुमन आमच्याकडे भाजी निवडायला बसली होती. मी तिच्यादेखतही तोच विनोद केला. तिने भाजी खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला खरंच माहीत नाही? त्या जुन्या जातीला रात्र मोठी झालेली कळावी लागते, तेव्हाच ती फुलते. तुमच्या दिव्यामुळे तिला रात्र झालेलीच कळत नाही. यांनी मला बोलू नको म्हणून सांगितलंय." दोन महिने तो माणूस माझी थट्टा ऐकून घेत होता. मला इतकी लाज आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

मग मी दिवा काढायच्या मागे लागलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, आता मारुतीचा परत गणपती कसा करायचा? कचेरीतला माणूस माझ्याकडे बघतच राहिला. दिवा लावा म्हणून रोज लोक येतात, काढा म्हणणारे तुम्ही पहिलेच, आणि लावा म्हणणारेही तुम्हीच होतात, असं म्हणून त्याने माझीच जाडजूड फाइल माझ्यासमोर ठेवली. निदान गच्चीच्या बाजूने एखादा पत्रा तरी लावा म्हटलं, तर त्याला गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. सह्या मागायला मी पहिल्याच घरी गेलो ते साखळी गेलेल्या बाईंच्या. त्या म्हणाल्या, "अण्णा, तुमच्यामुळे मी आता संध्याकाळी देवळात जाऊ शकते." मी पाणी पिऊन परत आलो. वसंतरावांनी विचारलंही नाही कुठे गेला होतात म्हणून.

फेब्रुवारीत एका रविवारी त्यांनी मला बसने देवनहळ्ळीला नेलं. मुनियम्माच्या गावाकडे एखादा अंधाराचा तुकडा मिळतो का ते बघू, कुणाला तरी चार बिया लावायला देऊ, म्हणाले. आम्ही पोचलो तोवर दिवस कलला होता. जिथे तिचं शेत होतं तिथे आता आखलेले प्लॉट, मधून डांबरी रस्ते. घर एकही नाही, पण रस्त्यांवर दिवे सगळे लागलेले. रिकाम्या मातीवर ओळीने उजेड पडला होता आणि त्या ओळींमध्ये एक कुत्रं झोपलं होतं. वसंतराव एका दगडावर बसले. मग म्हणाले, "हिथं सकाळी आलो की पँट गुडघ्यापर्यंत दवानं भिजायची बघा…" परत येताना बसमध्ये मी त्यांना म्हटलं, मला माफ करा. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मुठीत राहतील एवढ्या बिया उरल्या होत्या, बाकीच्यांना कीड लागली होती. आणखी एक वर्ष फूल आलं नाही तर ती जात संपली, हे तोवर मलाही कळलं होतं.

उपाय त्यांनीच काढला, केंद्रात जुन्या काळी करायचे तसा. ड्रमांवर बांबूचे सांगाडे, त्यांवर छत्रीच्या काळ्या कापडाचे दुहेरी पडदे. सुमनने ते मशीनवर शिवून दिले. ऑगस्टमध्ये उरल्यासुरल्या सगळ्या बिया पेरल्या. वेल गुडघाभर झाल्यापासून नेम सुरू झाला. संध्याकाळी सहाच्या आत झाकायचं, सकाळी सातनंतर उघडायचं. अशा सलग मोठ्या रात्री वेलाला मिळाल्या की तो कळ्या धरतो. मध्ये एखादी रात्र उजेडात गेली की त्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गच्चीच्या दारामागे खिळ्याला एक वही टांगली, दोऱ्याने पेन्सिल बांधली. तारीख, झाकलं, उघडलं, शेरा, असे चार रकाने. मी तिला अंधाराची वही म्हणायचो. हे नाव त्यांना आवडलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा आजार आणि तोही पुढे गेलेला. डॉक्टर तरुण होते, फार सौम्यपणे बोलले. त्यांचं बोलणं संपलं तेव्हा मला एवढंच उमगलं की आता कुणीच काही करू शकत नाही. इस्पितळात दाखल व्हायच्या दिवशी वसंतराव मला गच्चीवर घेऊन गेले. जिन्यात दोनदा थांबावं लागलं. पडदा कुठून धरायचा, गाठ कशी मारायची, खालची फट विटेने कशी दाबायची, सगळं करून दाखवलं आणि वही माझ्या हातात दिली. शोभाचे गुडघे गेलेले, दोन वर्षांत ती गच्चीवर चढलेली नाही. सुमन इस्पितळात त्यांच्याजवळ राहणार. त्यांची मुलगी पुण्याला, शनिवार-रविवार येऊन जाणार. तेव्हा गच्चीवर जाणारा उरलो मी एकटा. "अण्णा, तुमच्यावर हाय बघा हे," एवढंच म्हणाले. त्या वेळी मी त्यांना शब्द दिला.

मी रोज सहाच्या आत झाकून, मग बस धरून जे. पी. नगरच्या इस्पितळात जायचो. सातच्या पुढे पोचायचो. खोलीत शिरलो की पहिला प्रश्न, "झाकलासा काय अण्णा?" झाकलं म्हटलं की ते "सरी" म्हणायचे, म्हणजे कानडीत 'ठीक', आणि डोळे मिटायचे. दुखणं किती आहे, रात्र कशी गेली, यातलं काही सांगायचे नाहीत. कधी वेलाला कितवं पान आलं ते विचारायचे. मी मोजून ठेवायला लागलो. त्यांच्यासाठी मला करता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती आणि ती मी जीव तोडून करत होतो.

दिवाळी झाल्यावरच्या आठवड्यात पित्तासाठी पोटात घातलेली नळी बदलायची ठरली आणि ताप चढला. तीन दिवस फार वाईट गेले. सुमन घाबरून गेली होती. पहिल्या दिवशी मी दुपारी गेलो तो निघूच शकलो नाही. कधी डॉक्टर येणार म्हणून थांबलो, कधी औषध आणायला पळालो. साडेपाच वाजले, सहा वाजले, मी घड्याळ बघत होतो. निघायचं म्हणून उठलो तर त्यांनी तापात माझं मनगट धरलेलं. धरलं होतं म्हणजे नुसता हात टेकला होता, ताकद कुठली? पण तो सोडवून मला जाता येईना. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "झाकलासा काय?" मी म्हणालो, "हो. शोभाने झाकलं." ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले, मग म्हणाले, "सरी." दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. गच्चीवर त्या तिन्ही रात्री माझा दिवा वेलांवर लख्ख पडत होता. चौथ्या दिवशी ताप उतरला. मी घरी येऊन वही उघडली आणि त्या तीन तारखांपुढे झाकलं, उघडलं, झाकलं, उघडलं अशा खुणा करून टाकल्या. वही त्यांना दिसेल तेव्हा त्रास नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझाच त्रास नको होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांना घरी आणलं. इस्पितळाने आता घरीच न्या म्हणून सांगितलं होतं. त्याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला होता, त्यांना सर्वांत आधी. खुर्चीत बसवून गच्चीवर न्यायची ताकद ना त्यांच्यात होती ना माझ्यात. ते अंथरुणात बोटांवर दिवस मोजायचे. एक दिवस म्हणाले, "अण्णा, कळी दिसायला पाहिजे होती आतापर्यंत." मी म्हटलं, अजून नाही दिसत. "शेंड्याला बघितलासा? पानाच्या बगलेत?" बघितलं, म्हटलं. मग म्हणाले, "वही आणा की." मी वही आणून दिली. काय करणार होतो? दोन दिवस ती त्यांच्या उशाशी होती. त्या दोन दिवसांत मी त्या खोलीत गेलो की शाळेत प्रगतिपुस्तक दाखवायच्या मुलासारखा दाराशी उभा राहायचो. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. त्यांचा तो हातभर उरलेला देह बघितला की औषधाची वेळ विचारून बाहेर पडायचो. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही परत दिली. "सरी आहे," म्हणाले. "नव्या महिन्याला नवं पान घ्या." मी सुटलो. मागचं पान उलटून बघण्याचं धैर्य मला नव्हतं, गरजही पडली नाही. डिसेंबरचं नवं पान सुरू केलं. त्यानंतर पाच-सहा दिवसांनीच सुमनची ती हाक आली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी पडदे उघडत होतो. झाकायचं मी थांबवलं नव्हतं. का, ते मला विचारू नका. दुसऱ्या ड्रमातल्या वेलाच्या शेंड्याला, पानाच्या बगलेत, हिरवट दाण्यांचा एक बारीक तुरा होता. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कळ्याच होत्या. मी खाली ओरडायला गच्चीच्या कठड्याशी गेलो आणि तिथेच उभा राहिलो, कारण सांगायचं कुणाला? सुमनला सांगितलं. ती वर आली, कळ्यांना हात न लावता बघत राहिली आणि खाली जाऊन तिने दार लावून घेतलं. त्या दिवशी मला रडू आलं, आधी आलं नव्हतं.

मग मी ठरवलं की निदान आता तरी वही खरी करायची. कळ्या आल्या त्या कुठल्या रात्रीपासून मोजून आल्या, ते लिहायचं तर त्या तीन रात्री मध्ये घेऊन चालणार नव्हतं. पेन्सिलीच्या मागे रबर असतो. मी त्या तीन खोट्या खुणा पुसणार होतो. म्हणून नोव्हेंबरचं पान उलटलं. तिथे पुसायला काही नव्हतं. त्या तीन तारखांपुढचे रकाने आधीच पुसून रिकामे केलेले होते. रबराने कागद थोडा खरवडला गेला होता, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात, पेन्सिलीनेच, वेड्यावाकड्या पण वाचता येतील अशा तीन ओळींत तीन वेळा एकच कारण लिहिलेलं होतं: 'सहा वाजता अण्णा माझ्याजवळ.'

त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. शोभा गच्चीवर चढत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि सहाच्या ठोक्याला माझं मनगट त्यांच्याच हाताखाली होतं. मी मोठा इंजिनिअर, मला एवढं साधं खोटंही धड जमलं नाही. आणि ते "सरी" म्हणाले. आयुष्यभर ज्याने खोट्या नोंदीला माफ केलं नाही त्याने माझी नोंद दुरुस्त केली, कारण घातलं आणि वही परत दिली. या माणसाला मी पाहुण्यांना 'शेतावर असतात' असं सांगत होतो.

आता जानेवारी संपत आला आहे. गल्लीच्या तोंडाशी अवरेकाईच्या हातगाड्या उभ्या असतात. आमच्या वेलांना उशिरा फुलं आली, बरीच गळली, काही शेंगा धरल्या आहेत. परवा एक शेंग मी बोटांनी चोळून बघितली. वास आला, पण मुनियम्माचा सोगडु तो हाच का, हे मला कसं कळणार? ते ओळखणारं नाक आता या घरात नाही. शेंगा वेलावरच वाळवायच्या, दाणे सावलीत ठेवायचे, चिठ्ठी बांधायची, एवढं त्यांनी शिकवलं आहे तेवढं मी करीन. पुढच्या ऑगस्टला ते उगवतील की नाही, मला माहीत नाही. खांबावरचा दिवा तसाच आहे.

झाकणं, उघडणं चालू आहे. फुलं आल्यावर झाकायची गरज नसते हे मला माहीत आहे, तरी साडेपाच वाजले की पाय जिन्याकडे वळतात. दारामागच्या खिळ्यावरून वही काढतो, पेन्सिलीने खूण करतो. एका तारखेचा रकाना मात्र मी अजून भरलेला नाही. त्या दिवशी सहांपैकी दोन ड्रम झाकले होते, तिसऱ्याचा पडदा हातात होता. झाकलं असंही लिहिता येत नाही, नाही झाकलं असंही नाही. तेव्हा त्यांच्या नियमाप्रमाणे रकाना रिकामा सोडला आहे. शेऱ्यात कारण लिहायचं असतं. रोज पेन्सिल त्या ओळीपर्यंत नेतो आणि परत आणतो.